मावसाजी आणि भाकरीतलं सत्त्व

आमच्या मावसाजींनी उभ्या आयुष्यात एकही घास नुसता खाल्ला नाही. तुम्हीआम्ही भूक लागली की बसतो आणि पोट भरलं की उठतो. मावसाजींच्या ताटात आलेल्या पदार्थाची आधी चौकशी होई, मग त्याच्यावर आरोप ठेवला जाई, आणि बहुतेक वेळा तो दोषी ठरून ताटाबाहेर जाई. जो सुटे तोही जामिनावर सुटे. पुढच्या आठवड्यात त्याचा खटला पुन्हा उभा राही. वांग्याला त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत चार वेळा हद्दपार केलं आणि पाच वेळा मानानं परत आणलं. हा हिशेब जुळत नाही हे मला ठाऊक आहे, पण मावसाजींच्या आहारशास्त्रात हिशेब जुळावा अशी अपेक्षा कोणी करतही नसे.

माझ्या धाकट्या मावशीचे हे यजमान. केनवडला त्यांचं चौसोपी नव्हे पण ऐसपैस धाब्याचं घर होतं, दोन बैलजोड्यांची शेती होती, आणि मराठी सातवी पास झाल्याची एक ऐट होती. दुसऱ्या लढाईच्या आधीची दोन-चार वर्षं मी केनवडच्या शाळेत मास्तर होतो. वय बावीस-तेवीस, लग्न व्हायचं होतं, म्हणून जेवायला मावशीकडे. त्यामुळे मावसाजींचे सिद्धान्त मी नुसते ऐकलेले नाहीत, ते मी तीन वर्षं दोन्ही वेळ खाल्लेले आहेत. एका उन्हाळ्यात मिठाशिवायचं वरण, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सकाळी कच्च्या दोडक्याची चकती आणि वर कोमट पाणी. दोडका मी अजूनही खात नाही.

घास बत्तीस वेळा चावावा, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दात बत्तीस, म्हणून चावणंही बत्तीस; देवानं उगाच का तेवढे दिले, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. त्यांचे स्वतःचे तेव्हा सव्वीस उरले होते, पण हिशेब ते मूळच्या दातांचा धरत. इंझोरीला एका लग्नात पंगत बसली. बुंदी वाढून झाली, कढी फिरली, पोळ्यांचा दुसरा फेरा आला, लोक ढेकर देऊन उठले, पत्रावळी उचलणारे आले, आणि मावसाजी अजून चौथ्या घासावर. यजमान बिचारा हात जोडून उभा. पाहुण्याला काही कमी पडलं, म्हणून तो रुसून हळू जेवतो, असा त्याचा समज झाला. त्यानं आधी तूप आणलं, मग धाकट्या भावाला आणलं, शेवटी नवरदेवालाच उभं केलं. मावसाजींच्या तोंडात घास, आकडा तेविसावर. बोलावं तर मोजणी चुकायची. ते नुसते हात हलवून नाही नाही करत होते. यजमानाला वाटलं, यांना नवरदेवच पसंत नाही. त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी अर्धा तास घाबरून बसली होती.

एवढं ज्ञान त्यांना कुठून मिळे? रोजचं वर्तमानपत्र केनवडला येत नसे, पण वाण्याच्या पुड्या येत. वाणी रद्दीचा गठ्ठा वाशीमहून आणी आणि त्यात हिंग, जिरं, खोबरं बांधून देई. मावशी पुडी सोडून जिरं डब्यात ओते आणि मावसाजी कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ करत. हिंगाचे डाग, गुळाचा चिकटा, मध्येच फाटलेला कोपरा. पण त्यावर आरोग्य, आहार, पचन, वीर्य, दीर्घायुष्य यांतला एखादा शब्द दिसला की त्या दिवसापुरता तो कागद वेद. वाक्य अर्धं असलं तर उरलेलं अर्धं मावसाजी स्वतः पुरं करत. "छापणारा कायले खोटं छापीन?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. छापणारा खरं छापत असेलही. पण वाणी कागद कुठं फाडतो, यावर गावाचं आरोग्य अवलंबून होतं.

दह्याचं प्रकरण तर मी शपथेवर सांगायला तयार आहे. आमच्या घरी आलेल्या पुडीवर होतं, 'दही हे अमृतासमान असून त्याचे नित्य सेवन करणाऱ्यास'. पुढं कागद संपला. मावसाजींनी दिवसातून तीनदा दही सुरू केलं आणि पारावर बसून चार लोकांना करायला लावलं. आठ दिवसांनी शेजारचे देशमुख एक हिंगाळलेला चिटोरा फडकवत आले. त्यावर होतं, 'सांधे धरतात, सूज येते, व आयुष्य क्षीण होते यात शंका नाही'. दोन्ही कागदांचा रंग एक, टाईप एक. देशमुखांनी जाहीर केलं की हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध. झालं, गावात दोन तट पडले, दहीवाले आणि बिनदहीवाले. एका घरात दोन भाऊ एका ताटात जेवत, ते वेगळ्या ताटांत जेवू लागले. ताक हे दही धरायचं की पाणी, यावर चावडीत दोन दिवस चर्चा चालली. मी मास्तर म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी देशमुखांच्या चिटोऱ्याची आत दुमडलेली कड उलगडली, तर तिथं वरची ओळ होती, 'गुरांना शिळे आंबवण घातल्यास'. सांधे धरले होते ते बैलांचे. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तर दोन्ही तट एक झाले आणि माझ्यावरच उलटले. देशमुख म्हणाले, "मास्तर, बैलाले जे बाधते थे मानसाले नाही बाधनार काय?" मावसाजींनीही मान हलवली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्या गावात शब्दाचा मार शहाण्याला बसे तो असा.

त्यांची विद्या घरापुरती राहिली असती तरी चाललं असतं, पण ज्ञान दिल्यानं वाढतं यावर मावसाजींची श्रद्धा. बाजाराच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून माळव्याच्या ओळीतून फिरत आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगत. रिसोडच्या वाटेवर मळा असलेली एक माळीणबाई दर आठवड्याला वांगी घेऊन बसे. मावसाजी नेमके तिच्या ढिगाजवळ उभे राहून गिऱ्हाइकाला म्हणाले, वांग्यानं रक्त तापतं, अंगाला खाज सुटते. तीन गिऱ्हाइकं परत गेली. चौथं वळलं तशी बाई उठून उभी राहिली. "तुमचं रगत तापलं असन तं घरी जाऊन डोक्यावर पानी घ्या ना दादासायेब. माह्या वांग्यायले काहून शिव्या देऊन राह्यले?" पुढच्याच बाजारी हेच मावसाजी वांग्यात लोह असतं असं वाचून पिशवी घेऊन तिच्यापुढं हजर. तिनं ढिगावर पदर पसरला. "तुमाले नाही देत. तुमचं रगत लय महाग हाये." त्यांना मग दुसरीकडून किडकी वांगी घ्यावी लागली, आणि लोह आहे म्हणून ती आम्ही किडीसकट गोड मानली.

शिरपूरला ते एकदा कोर्टाच्या साक्षीला गेले आणि तिथं जैन यात्रेकरूंना दिवस मावळायच्या आत जेवताना पाहून आले. त्या लोकांचा तो धर्म; त्यामागं व्रत, दया, पिढ्यांची शिस्त. मावसाजींनी त्यातलं घड्याळ तेवढं उचललं. आरोग्यासाठी आमच्या घरी चार वाजता रात्रीचं जेवण सुरू झालं. सातला मावसाजींच्या पोटात कावळे कोकलू लागत. मग ते डब्यातले दोन मेथीचे लाडू खात आणि सांगत, "हे जेवन नाही, हे औषध हाये." औषधाचा डबा चार दिवसांत रिकामा झाला, तेव्हा मावशीनं हसू पदरात लपवून विचारलं, "दुखनं बरं झालं का आनखी करू?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी ते नेतही होतो. पण एकदा कापूस वेचून आलेल्या बायांना मावसाजी ओट्यावर बसून अन्नातलं सत्त्व समजावून सांगत होते. अन्न शिजवलं की किती सत्त्व जातं, चाळलं की किती, शिळं झालं की किती. त्यांतली एक म्हातारी बराच वेळ ऐकून म्हणाली, "मालक, थे सत्त्व भाकरीतच राह्यते का भाकर नसली तरी कुठी भेटते?" ती उत्तराची वाट न बघता निघून गेली.

आता गिरणीचं सांगतो. त्यासाठी आधी मावशीचा हात सांगायला हवा. लग्न होऊन आली तेव्हापासून तीस वर्षं तिनं घरातलं, गड्यांचं, पाहुण्यांचं दळण एकटीनं ओढलं होतं. उजवा खांदा धरून गेला होता. हात खांद्याच्या वर जात नसे. फळीवरचं भांडं काढायचं तर ती मला हाक मारी. चोळीत हात घालताना कण्हल्याचा आवाज बाहेर येई. मावसाजींना याचं काही नव्हतं असं कोणी म्हणू नये. जवसाचं पोटीस ते स्वतःच्या हातानं करून तिच्या खांद्यावर बांधत, लसणाचं तेल कढवत, आणि एकदा तर खांद्यासाठी म्हणून तिचं मीठ वीस दिवस तोडलं होतं. सांधा कशानं धरला हे मात्र पुडीच्या कुठल्याच कागदावर छापून आलं नव्हतं, त्यामुळे जात्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

अशात केनवडला तेलाच्या इंजिनाची पिठाची गिरणी आली. शाळेच्या मागंच. दिवसभर फक् फक् आवाज, आणि दारात डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायांची रांग. पायलीभर ज्वारी बोलता बोलता पीठ होऊन हातात. तीन महिन्यांत मावशीचा हात कानापर्यंत जाऊ लागला. ती सकाळी उजाडेपर्यंत झोपू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओट्यावर नुसतं बसलेलं पाहिलं, हातात काही काम नसताना.

आणि मग खोबऱ्याची ती पुडी आली. 'यंत्राच्या घर्षणाने धान्यातील सत्त्व जळून'. एवढंच. पुढं फाटलेलं. मावसाजींनी तो कागद वाचला, उठले, चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "जळालं. मले वाटतच होतं. आजपासून घरात गिरनीचं पीठ बंद. जात्यानं खांद्याले बी मेहनत होते, मोकळा राह्यते." मावशीनं कोपऱ्यात सारलेलं जातं पुढं ओढलं, डाव्या हातानं.

चौथ्या दिवशी तिनं मला चुलीपाशी बसवलं. "बाबू, तुही शाळा गिरनीपाशीच हाये ना? पिशवीत दोन शेर जवारी बसन का तुह्या?" बसली. सकाळी पुस्तकांच्या पिशवीत ज्वारी, संध्याकाळी पीठ. मावसाजी एकदा म्हणाले, "मास्तर, कोट पांढरा झाला तुमचा," आणि मी म्हणालो, खडू. सरकारी खडू फार भुरभुरतात यावर त्यांनी मला बराच वेळ सहानुभूती दाखवली. पण पहाटे जात्याचा आवाज यायला हवा होता. रिकामं जातं फिरवू नये, घराला बरं नसतं, म्हणून मावशी मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळी. वरचा दगड जरा उचलला जाई, मूठभर तुरी घातल्या की तो दोन बोटांवर फिरे, आणि घरघर मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाई. वर ती ओवीही म्हणे, स्वतः जुळवलेली:

दळन दळीते मी बाई, मुठभर माह्या तुरी
धन्याच्या ग माह्या, सत्त्व भरलं भाकरी

मावसाजी अंथरुणात पडल्या पडल्या हे ऐकून तृप्त होत. त्या तुरीचा भरडा म्हशीपुढं जाई. महिन्याभरात म्हैस वाटीभर दूध जास्त देऊ लागली, तर मावसाजींनी पारावर नवा शोध जाहीर केला: जात्याच्या नादानं जनावराची प्रकृती सुधारते. दोघा-तिघांनी जातं गोठ्याजवळ हलवलंही. आणि जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडून म्हणत, "पाहा मास्तर, हिले म्हनते भाकर. कशी गोड लागून राह्यली. जिभेले कळते बरं, जिवंत दाना कोनता आन् मेलेला कोनता." मी मान खाली घालून जेवत असे. मावशी पाठ करून तव्याकडे बघत असे, आणि तिची पाठ हसण्यानं हले. मला तर हा तमाशा इतका आवडला होता की सुट्टीत गावी गेलो तरी मी तो चारचौघांत रंगवून सांगत असे.

चार महिने असं चाललं. पण मावसाजींची जीभ जेवून गप्प बसणारी नव्हती. प्रत्येक बाजाराला ते गिरणीच्या पिठाचे तोटे सांगत. पोट फुगतं, डोळे जातात, मुलगी काळी होते. नवऱ्यांना ते पटत गेलं. दळण काही नवऱ्यांना ओढायचं नव्हतं. एकेक घर करत बाया जात्याकडे परत गेल्या, आणि गिरणीची रांग आटली. शेवटी गिरणीवाला पाटलांकडे गेला. पाटील मिस्कील माणूस. त्यांनी मावसाजींना बोलावून विचारलं, "तुमाले जिभेवर वळखता येते म्हनता ना? मंग बाजाराच्या दिवशी चावडीत होऊनच जाऊ द्या. एक भाकर गिरनीच्या पिठाची, एक जात्याच्या. दोन्ही माही माय भाजीन. डोळे बांधून सांगा. जिंकले तं गिरनीचं पीठ माह्या घरी येनार नाही, आन् गावालेबी मी तसंच सांगीन." जात्याचं पीठ कुणाच्या घरचं घ्यायचं? मावसाजींनी छाती पुढं काढली. "माह्याच घरचं. गावात दुसऱ्या कोनाचा भरवसा हाये?"

घरी येऊन त्यांनी मावशीला सांगितलं, "परवा तुह्या पिठाची परीक्षा हाये. साऱ्या गावासमोर." ते इतक्या आनंदात होते की तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. ते बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, सोपं आहे. गिरणीचंच पीठ दे. दोन्ही भाकरी सारख्या; काय ओळखतील?" ती म्हणाली, "घरात मी त्यायले फसवते, थे आमचं नवराबायकोचं. पंच बसले त्यायच्यापुढं खोटं पीठ नाही ठेवत मी." मी म्हणालो, "अगं पण ते जिंकले तर सगळ्या गावाला जन्मभर दळावं लागेल, आणि पहिलं तुला." "मंग काय करू?" ती म्हणाली. "हात पाहू का त्यायची इज्जत पाहू?" आणि आतल्या खोलीत गेली.

बाजाराच्या दिवशी पहाटे तिनं खुंटीची चिंधी सोडली आणि दोन शेर ज्वारी खरोखर दळली. त्या दिवशी ओवी नव्हती. मला राहवलं नाही, मी जाऊन समोर बसलो आणि खुंट्याला हात लावला. पाच-सहा फेऱ्यांत माझ्या तळहाताला फोड आला आणि पिठाऐवजी कण्या पडू लागल्या. "ऊठ बाबू," ती म्हणाली, "तुह्या मदतीनं तं ते हरतीनच." तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दातांत धरलेला होता.

चावडीत माणूस मावत नव्हता. भिंतीच्या कडेला बाया उभ्या होत्या, त्यांच्यात मावशी. पाटलांच्या आईनं दोन्ही पिठांच्या भाकरी एकाच तव्यावर भाजून आणल्या होत्या. मावसाजींचे डोळे त्यांच्याच उपरण्यानं बांधले. पहिल्या भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडात घातला, आणि पोरंटोरं, म्हातारे, गिरणीवाला, सगळी चावडी मोठ्यानं मोजू लागली, एक, दोन, तीन, थेट बत्तीस. मग पाण्याची चूळ. मग दुसरा तुकडा, पुन्हा बत्तीस. दुसऱ्या तुकड्याला त्यांनी मध्येच तोंड वाकडं केलं.

"ही दुसरी गिरनीची," ते म्हणाले. आवाजात तिळमात्र शंका नव्हती. "खरखरीत लागते, कडसर लागते. दाना मेलेला हाये. आन् पहिली? पहिली माह्या घरची. झोपेतून उठून सांगीन. चार महिने झाले, रोज हीच खातो मी."

गिरणीवाल्यानं मांडीवर थाप मारली आणि चावडीत एकच हशा उसळला. पाटलांनी हात वर करून सांगितलं, "उलटं झालं दादासायेब! पहिली गिरनीची. दुसरी तुमच्या घरची." मावसाजींनी उपरणं सोडलं. दोन्ही पिठांच्या पुरचुंड्या समोर होत्या, त्यांनी बोटानं चाचपून पाहिल्या. मग पहिल्या भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चावला. लोक हसतच होते. मी मावसाजींच्या समोरच बसलो होतो, म्हणून मला दिसलं. त्यांचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग हळूहळू तो स्थिर झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कोटाकडे बघितलं. मग भिंतीच्या कडेला बघितलं. तिथं मावशी उजव्या हाताचं कोपर डाव्या तळहातात धरून उभी होती, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

त्यांची जीभ बरोबर होती. अगदी बिनचूक होती. चार महिने ते जी भाकर खात होते तीच त्यांनी ओळखली होती. एक वाक्य बोलले असते तर हसणाऱ्या गावाचे डोळे मावशीकडे वळले असते, आणि हरणारा माणूस बदलला असता. आमच्या मावसाजींनी आयुष्यात वादात माघार घेतलेली कोणी पाहिली नव्हती.

त्यांनी उपरण्याची घडी घातली. "चुकलो पाटील," ते म्हणाले. "मले काही समजत नाही जात्याचं आन् गिरनीचं. इतके दिवस उगाच बडबड केली. ज्यायनं माह्यं ऐकलं, त्यायनं ऐकू नोका."

घरी आल्यावर त्यांनी या विषयाचा ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी ज्वारीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गिरणीच्या रांगेत बायांच्या मागं जाऊन उभे राहिले. कोणीतरी विचारलं, "काय दादासायेब, सत्त्व मेलं का?" "मेलं बापा," ते म्हणाले, "कालच मेलं." पुढं कितीतरी महिने पोरं त्यांच्या पाठीमागून एक, दोन, तीन मोजत जात. ते वळूनही बघत नसत. पुड्यांचे कागद वाचायचं काही त्यांनी सोडलं नाही, तो त्यांचा स्वभावच होता. पण काय करायचं ते स्वतःवर करत, कच्चं चावत, उपास काढत, आणि मावशीला चुलीपाशी जाऊन अमुक करू नको, तमुक कर, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. जातं त्यांनी गड्याकडून उचलवून गोठ्यात नेऊन ठेवलं.

माझी पुढं बदली झाली. लग्न झालं, संसार झाला, आणि केनवडच्या मावसाजींची गोष्ट मी बायकोला, मित्रांना, शाळेच्या संमेलनात, इतक्या वेळा सांगितली की चावण्याचे आकडे लोक माझ्याबरोबर मोजत. मावशी गेली तेव्हा तेराव्याला मी केनवडला गेलो. पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर होतो. मावसाजी फार थकले होते. मी धीर करून म्हटलं, "मावसाजी, त्या दिवशी चावडीत तुमची जीभ चुकली नव्हती. तुम्हाला कळलं होतं ना?"

ते म्हणाले, "भाकरीचं काही नाही रे मास्तर. लोक हसले, त्याचंबी काही नाही. जात्यानं तिचा हात दुखत होता आन् तिले मले सांगता नाही आलं, थे लागलं. घरातल्या बाईले नवऱ्याले सांगता येत नाही, म्हंजे मी कसा मानूस असीन?"

त्या घरात मी तीन वर्षं जेवलो होतो. मावशी रोज कण्हताना मी ऐकत होतो, आणि मला तर सांगता आलं असतं. मी पिशवीतून पीठ आणत राहिलो आणि हसत राहिलो.